एक मॉप कमी येऊन राहिला

"सर, एक मॉप कमी येऊन राहिला." हे वाक्य नोकरीत किती वेळा म्हटलं, ते मात्र मोजलं नाही. बाकी सगळं मोजलं. नागपुरातल्या ऑपरेशन थिएटरमध्ये मी तीस वर्षं सिस्टर होते. रक्त टिपायचे कापडी मॉप पाच-पाचाच्या गठ्ठ्यानं उघडायचे, फळ्यावर आकडा लिहायचा, भिजलेले परत आले की पाच-पाच पसरून मांडायचे. आकडा जुळल्याशिवाय पोट शिवायला सुई हातात द्यायची नाही.

कोरडा मॉप पांढराशुभ्र असतो. रक्तात भिजून आतड्यांच्या घडीत गेला, की हाताला लागतंय ते आतडं की कापड, हे सर्जनलाही चटकन कळत नाही. म्हणून त्याच्या विणीत एक्स-रेत दिसणारा धागा घालतात. एका रात्री सिझेरियनला वीस उघडले, भरले एकोणीस. बाळ रडतंय, सर चिडलेले, भूलवाल्या मॅडमची नजर घड्याळावर. मावशींनी बादली उलथवली, मी गुडघ्यांवर बसून टेबलाखाली बघितलं. शेवटी सापडला तो मांडलेल्यांतच. दोन मॉप रक्तानं चिकटून एक झाले होते.

पोटात राहिलेल्या अशा कापडाच्या गोळ्याला डॉक्टर गॉसिपिबोमा म्हणतात. गॉसिपियम म्हणजे कापूस, आपल्या विदर्भाचं पांढरं सोनं. 1963 साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीच्या पोटात मॉप राहिला आणि ती गेली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1996 मध्ये लागला. तेहतीस वर्षं!

पोटात राहिलेल्या अशा वस्तूंवर गाजलेला अभ्यास केला तो डॉ. अतुल गवांदे आणि सहकाऱ्यांनी, अमेरिकेत, 2003 साली. गवांद्यांचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी, उमरखेडजवळचं, म्हणजे कापसाचाच मुलूख. वस्तू आत राहिलेल्या 54 रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. तातडीचं ऑपरेशन, मध्येच बदललेला बेत आणि स्थूल शरीर, या तिन्हींत धोका जास्त निघाला. मला हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. मोजणी झाली होती अशा बहुतेक प्रकरणांत कागदावर 'काउंट बरोबर' असंच लिहिलेलं होतं. आकडा चुकला की आम्ही शोधतो. चुकीचा आकडा जुळला, तर कोण शोधणार?

इथे मॉपमध्ये शिवलेला रेडिओ टॅग कामाला येतो. बोरखेडीच्या टोलनाक्यावर काचेवरचा फास्टॅग वाचला जातो, तेच तत्त्व. टॅगला बॅटरी नसते. रीडरच्या लहरींवरच त्यातली चिप क्षणभर जागी होते आणि आपला नंबर सांगते. पण फास्टॅगच्या 865-867 मेगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात विरतात, आणि माणसाचं अंग म्हणजे बहुतांशी पाणीच. म्हणून अंगातला मॉप शोधायला कमी वारंवारता लागते. एका प्रकारात ती 13.56 मेगाहर्ट्झ असते, मेट्रोच्या कार्डाची असते तीच. हा टॅग निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हची वाफही सोसतो. चिमटे-कात्र्यांचं मात्र अवघड. धातूजवळ लहरी बिघडतात, तिथे खास टॅग लागतात. आणि टॅगवाला मॉप साध्यापेक्षा महाग, हे छोट्या नर्सिंग होमला परवडायला हवं ना.

निवृत्तीच्या आधी एक सेल्समन आमच्याकडे हे टॅग वाचणारं यंत्र दाखवायला आला होता. टेबलावर रबरी पोट, त्यात ठेवलेले पाच मॉप. तो बाहेर फोनवर बोलत होता, तेवढ्यात एक मी एप्रनच्या खिशात टाकला. परत येऊन त्यानं चार मॉप काढून बादलीत टाकले, पोटावरून दांडा फिरवला. शांत. "पोट क्लिअर, सिस्टर!"

"आणि पाचवा?"

तो गडबडला. मग बादलीजवळच्या स्क्रीनकडे वळला. बादलीत पडलेल्या प्रत्येक मॉपचा नंबर यंत्र आपणहून वाचत होतं. आधी नोंदवलेल्या पाच नंबरांपैकी चारांवर हिरवी खूण, पाचवा लाल.

मी खिशातला मॉप काढून बादलीत टाकला.