आम्ल जागीं नांदणाऱ्या बुरशींची प्रतबंदी

आम्ल मातींत बुरशी तग धरीत नाहीं, असा समज आमच्या शेतकरी बंधूंत पुष्कळ ठिकाणीं आढळतो. वस्तुस्थिति याच्या उलट आहे. मातीची आम्लता वाढूं लागली म्हणजे प्रथम जिवाणू मागें हटतात, आणि त्यांच्या मानानें बुरशीचा पसारा वाढतो. यास्तव आम्ल जागीं कोणत्या बुरशी राहतात व त्यांची वर्गवारी शास्त्रज्ञ कशी करितात, याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आम्लतेचें माप सामूनें सांगतात. ७ हा सामू उदासीन. त्याच्या खालीं आम्ल. एक अंक उतरला कीं आम्लता दहापट झाली असें समजावें. लिंबाच्या रसाचा सामू सुमारें २ असतो. परंतु गंधक व लोह यांचें माक्षिक नांवाचें खनिज जेथें हवा व पाणी यांच्या संसर्गास येतें, तेथें गंधकाम्ल तयार होऊन सामू याहूनहि खालीं जातो. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील रिचमंड खाणीचें पाणी असें आहे. केरळांतील कुट्टनाडच्या ‘करी’ जमिनी वाळल्या म्हणजे कडक आम्ल होतात, त्याचें कारणहि हेंच.

अशा जागीं सांपडणाऱ्या बुरशींचे पहिले दोन वर्ग त्यांच्या वर्तनावरून पडतात. पहिला आम्लसहिष्णूंचा. या बुरशी साध्या मातींतहि सुखानें राहतात व आम्लहि सोसतात. आपल्या परिचयाची ट्रायकोडर्मा यांतलीच. काळी बुरशी अॅस्परजिलस नायजर ही तर स्वतःच आम्ल निर्माण करिते; १९१७ सालीं जेम्स करी यांनीं तिच्यापासून सायट्रिक आम्ल काढण्याची रीत प्रसिद्ध केली. दुसरा वर्ग खऱ्या आम्लप्रियांचा. यांची वाढ आम्लांतच उत्तम होते. बाहेर कितीहि आम्ल असलें तरी पेशीच्या आंतील रस जवळजवळ उदासीनच राहतो. आंत शिरलेलें आम्ल पेशी सारखी बाहेर लोटीत असते.

या दुसऱ्या वर्गाची पुढील फोड करणें मात्र फार जिकिरीचें ठरलें. १९४३ सालीं स्टार्की व वाक्समन या शास्त्रज्ञांनीं, सामू शून्याच्या आसपास असलेल्या व मोरचूद पुष्कळ घातलेल्या द्रावणांतहि वाढणाऱ्या दोन बुरशींचें वर्णन केलें. त्यांपैकीं एकीस जातीचें नांव देतां आलें. दुसरी केवळ ‘ड बुरशी’ म्हणून नोंदली गेली. अशा बुरशी बहुधा काळ्या, सावकाश वाढणाऱ्या आणि ओळखीच्या खुणा कमी असलेल्या असतात. १९७४ सालीं कॅनडांतील संशोधकांनीं एका आम्लप्रिय बुरशीस रूपावरून स्कायटालिडियम या प्रजातींत बसविलें. पुढें जनुकें ताडून पाहतां, तिचें त्या घराण्याशीं नातें नाहीं असें दिसून आलें, व २००८ सालीं ती अॅसिडोमायसिस या प्रजातींत गेली. रिचमंड खाणींतील बुरशीहि याच प्रजातीची. लिग्नाइट कोळशाच्या अर्कांत सांपडलेली दुसरी एक बुरशी २००४ सालीं हॉर्टिया प्रजातींत दाखल झाली. १० वर्षांनीं अधिक जनुकें तपासल्यावर तिच्यासाठीं निओहॉर्टिया ही निराळी प्रजाति करावी लागली.

आमच्या वाचकांस यांत जमिनीच्या प्रतबंदीची आठवण होईल. नुसता मातीचा रंग पाहून प्रत ठरत नसे. खड्डा खणून खोली मोजावी लागे. बुरशीच्या बाबतींत जनुकांची तपासणी हाच तो खड्डा होय. या खणण्यांतून एक मौजेची गोष्ट हातीं आली. वर सांगितलेल्या काळ्या आम्लप्रिय बुरशींचे जवळचे भाऊबंद उघड्या कातळावर, अगदीं अंटार्क्टिकाच्या खडकांवरहि राहतात. कांहीं निलगिरीच्या पानांवर रोग पाडतात. आम्ल सोसण्याचा गुण व कोरड सोसण्याचा गुण असे एकाच घराण्यांत आढळतात.

शेतकऱ्यानें यांतून काय घ्यावें? प्रथम हें कीं, बुरशी मारण्याच्या आशेनें चुना टाकूं नये. चुना पिकासाठीं व जिवाणूंसाठीं टाकावयाचा, आणि तोहि माती तपासून. दुसरें असें कीं, मोरचूद झाला तरी तो सर्व बुरशींस सारखाच मारक नाहीं. वर सांगितलेल्या बुरशी त्यांतच वाढतात. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रोगाचें कुळ जाणल्यावांचून औषध घेऊं नये. सुपारीच्या कोळेरोगाचें कारण असलेला फायटोप्थोरा पूर्वीं बुरशींत गणला जाई; आतां त्याचें नातें शैवालांच्या एका शाखेशीं जवळचें ठरलें आहे. म्हणूनच मेटालॅक्झिल हें औषध त्याच्यावर लागू पडतें, खऱ्या बुरशींवर पडत नाहीं. दोन रोग डोळ्यांस सारखे दिसले म्हणून एकच औषध दोहोंवर मारणारा शेतकरी पैसा गमावितो, आणि त्याहून वाईट म्हणजे पावसाळ्यांतील मोलाचे दिवस गमावितो. रोगट पान किंवा फळ कृषि विद्यापीठाच्या तज्ज्ञास आधीं दाखवावें, मग दुकानाची पायरी चढावी, अशी आमची सर्व सभासदांस आग्रहाची सूचना आहे.