पंचवीस घोडी, एक नालबंद

बदलापूर स्टेशनबाहेर सोनिवलीला जायला रिक्षा शोधताना चालकांकडे जरा नीट बघा. एकाची रिक्षा स्वतःची असते, दुसरा मालकाची गाडी शिफ्टवर चालवतो. प्रवाशाला दोघे सारखेच. पण इंजिन बसलं की फरक कळतो, कारण प्रश्न येतो खर्च कोणाच्या खिशातून जाणार याचा. साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी घोडदळाची बांधणी याच प्रश्नावर झाली होती. बारगीर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसायचा. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला यायचा. आणि नवल असं, की शिलेदारीचा हाच हिशेब पुढे इंग्रजांनी उचलला आणि पार बलुचिस्तानच्या सरहद्दीपर्यंत नेला.

शिवकाळातल्या पागेची रचना बखरकार सभासदाने आपल्या बखरीत नोंदवली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी उतरंड. पण खरी मेख पुढे आहे: दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणणारा एक, नाल ठोकणारा एक. हे का, ते आकडे मांडले की कळतं. मध्यम चणीचा घोडा दिवसाला सात-आठ किलो कोरडी वैरण खातो आणि पंचवीस-तीस लिटर पाणी पितो. म्हणजे पंचवीस घोड्यांना रोज सुमारे दोनशे किलो वैरण आणि सातशे लिटर पाणी. पावसाळ्याच्या चार महिन्यांत एवढ्याशा तुकडीची वैरण चोवीस टनांवर जाते! हजार घोडी असतील तर हे सगळं चाळीसपट.

चिपळूणजवळ छावणीला असलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. वैरण आत्ताच उधळलीत तर ऐन पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी मरतील, मग तुम्ही रयतेला लुटाल, हा त्याचा रोख. त्यात एक तपशील तर थक्क करणारा: रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल. राज्य चालवणाऱ्या माणसाची नजर उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत पोचते, कारण गवत जळालं तर घोडदळच संपलं.

आता 1817. जूनमधल्या पुणे तहाने दुसऱ्या बाजीराव पेशव्याकडून 34 लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख इंग्रजांकडे गेला. त्या पैशातून पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने जी फौज उभी केली, तिच्यात ‘पूना ऑक्झिलरी हॉर्स’ हे घोडदळ होतं. पद्धत शिलेदारीची, साहेब इंग्रज, खर्च पेशव्याचा. पाचच महिन्यांत खडकीची लढाई झाली आणि हे घोडदळ पेशव्याच्याच विरुद्ध उभं राहिलं.

त्यानंतर अशा घोडदळाची गरज पडली सिंधमध्ये. बलुचिस्तानच्या वाटांवर टोळ्यांचे हल्ले होत, व्यापारी तांडे लुटले जात. 1839 मध्ये पुण्याच्या या घोडदळातल्या स्वारांचा गाभा घेऊन ‘सिंध इरेग्युलर हॉर्स’ उभी राहिली. पुढे तिची सूत्रं जॉन जेकब या इंग्रज अधिकाऱ्याकडे आली. 1846 मध्ये दुसरी पलटण झाली आणि 1847 च्या सुरुवातीला जेकब सरहद्दीवरच्या खानगढला मुक्कामाला गेला. तिथे त्याला दिसलं ते असं, की शिपाई गढीचे दरवाजे लावून आत बसलेले आणि लुटारू बाहेर मोकाट. त्याने भिंतींचा आसरा सोडून दिला, उघड्या मैदानात चौक्या बसवल्या आणि वाळवंटात अहोरात्र गस्त सुरू केली. खानगढचं नाव पुढे जेकबाबाद झालं.

हे जमलं ते पगाराच्या रचनेमुळे. बंगालच्या इरेग्युलर घोडदळात स्वाराला महिना 20 रुपये मिळत, सिंध हॉर्समध्ये 30. त्यातच घोडा, चंदी, खोगीर, कपडे सगळं आलं. जेकबचा युक्तिवाद सरळ होता: कमी पगारात शिलेदार कर्जात बुडतो, घोडा उपाशी राहतो आणि गस्त कागदावर उरते. स्वाराची जागा म्हणजे ‘असामी’. निवृत्त होताना ती नव्या माणसाला विकता येई. घोडा मेला तर भार हलका व्हावा म्हणून अशा पलटणींत सर्वांच्या वर्गणीतून ‘चंदा’ फंड चाले. सरकारच्या दृष्टीने हे घोडदळ स्वस्त होतं, कारण घोडा मरण्याची जोखीम स्वारांच्या माथी होती.

ही रचना बाजारावर तगली होती. गावोगाव गवत विकत मिळतं आणि मेलेल्या घोड्याच्या जागी दुसरा घेता येतो, असं तिने गृहीत धरलं होतं. 1914 मध्ये पूना ऑक्झिलरी हॉर्सची वारस असलेली पूना हॉर्स पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर उतरली आणि हा पायाच निखळला. परक्या मुलखात शिपाई चारा कुठून आणणार, घोडा कुठून घेणार? सगळं सरकारलाच पुरवावं लागलं. युद्धानंतर, 1921 च्या फेररचनेत शिलेदारी पद्धत मोडीत निघाली. पलटणी मात्र टिकल्या. आज पूना हॉर्सकडे रणगाडे आहेत. 1965 मध्ये तारापोर आणि 1971 मध्ये अरुण खेतरपाल, या दोन परमवीरचक्र विजेत्यांची ही रेजिमेंट. तिच्या इंधनाचा आणि सुट्या भागांचा खर्च आता पूर्णपणे सरकारच्या वहीत पडतो.