जलपर्णी दरवर्षी निघते, तिचे कारण तसेच राहते

१ जानेवारीला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला आपण कोरेगाव भीमाला जातो. तिथली भीमा नदी पुढे उजनी धरणात पोचते. पवना, इंद्रायणी आणि मुळा-मुठेतून पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणीही याच भीमेत उतरते. थंडी सरली की या नद्यांवर जलपर्णी पसरते आणि दरवर्षी तीच बातमी येते.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. जांभळ्या फुलांच्या शोभेसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली आणि देशभर पसरली. तिच्या एका रोपाला आडवे फुटवे येऊन नवी रोपे तयार होतात. पाण्यात खत भरपूर असेल तर साधारण दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. बी गाळात १५-२० वर्षे जिवंत राहते. हे खत म्हणजे मैला, डिटर्जंट आणि शेतातून वाहून येणाऱ्या रासायनिक खतातले नायट्रोजन व फॉस्फरस.

याची किंमत कोण मोजतो? होडी जलपर्णीत अडकते, वल्हे चालत नाही, इंजिनाच्या पंख्यात मुळे गुंततात. भोई-कोळी समाजातल्या मच्छीमारांची जाळी फाटतात. खाली उजेड पोचत नाही, प्राणवायू घटतो आणि मासळी मरते किंवा कमी होते. तणनाशक फवारले तर कुजणारी जलपर्णी उरलासुरला प्राणवायूही खाते. मुळांजवळ डास वाढतात. त्याचा पहिला त्रास नदीकाठच्या वस्त्यांना.

महापालिका निविदा काढतात. घाण पाण्यात उतरून जलपर्णी ओढणारे बहुतेक कंत्राटी कामगार असतात. हातमोजे, गमबूट मिळतीलच याची खात्री नसते. उरलेली जलपर्णी पुरात वाहून जाते. मग नेमके काम किती झाले, हे मोजायचे कसे?

कारण असेपर्यंत परिणाम थांबत नाही, हे प्रतीत्यसमुत्पाद आपल्याला शिकवतो. विहारात हे समजून घेणाऱ्या तरुणांनी तोच नियम नदीलाही लावावा. माहिती अधिकार कायदा २००५ नुसार आपल्या नगरपालिकेला किंवा महापालिकेला एवढे विचारा:

१. शहरात रोज किती सांडपाणी तयार होते? त्यातले किती प्रक्रिया न होता नदीत जाते?
२. सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची क्षमता किती आणि ती प्रत्यक्षात किती चालतात?
३. जलपर्णीचे बिल वजनावर निघते की क्षेत्रफळावर? मोजणी कोण करते?
४. कामगारांना किमान वेतन आणि सुरक्षा साधने दिल्याच्या नोंदी कुठे आहेत?

३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. उत्तर आले की ते घेऊन मच्छीमार संस्था आणि सफाई कामगारांसोबत बसा. हा लढा एकट्या समाजाचा नाही.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आज भीमेचे पाणी ओंजळीत घ्यायला कुणाची मनाई नाही, पण ते पिण्याजोगे राहिलेले नाही.

जय भीम!