सदऱ्यावरचें फूल आणि मनांतली आठवण

डिसेंबरचा पहिला आठवडा आला, कीं आमच्या मलकापूर-कऱ्हाड भागांतील शाळांतून व कचेऱ्यांतून लाल, गडद निळ्या व फिकट निळ्या पट्ट्यांचे लहानसे कागदी ध्वज हिंडूं लागतात. मुलें खिशांतलें नाणें डब्यांत टाकतात, ध्वज सदऱ्याला लावतात, आणि सायंकाळपर्यंत तो कोठें गळून पडला याचें भान बहुतेकांस राहत नाहीं. ‘हा कशासाठीं लावावयाचा?’ असें विचारलें असतां ‘शाळेंत सांगितलें म्हणून’ एवढेंच उत्तर येतें. हें उत्तर आम्हांस पुरेसें वाटत नाहीं; म्हणून या चालीचा उगम कोठें झाला व तिजविषयीं लोकांचीं मतें काय आहेत, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

या ध्वजाचा वडील भाऊ म्हणजे एक फूल होय. त्यास इंग्रजींत पॉपी म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरांतील खसखस ज्या अफूच्या बोंडांतून येते, त्या झाडाचें हें रानांतलें भावंड. मात्र याच्यापासून अफू काढीत नाहींत. याचें बीं मातींत वर्षानुवर्षें निपचित पडून राहतें, आणि जमीन उकरली गेली कीं उगवतें. १९१४ सालीं सुरू झालेल्या महायुद्धांत बेल्जम व फ्रान्स येथील शेतें तोफगोळ्यांनीं व खंदकांनीं उलथीपालथी झालीं, तेव्हां नव्या थडग्यांच्या भोंवतीं हींच तांबडीं फुलें उमललीं. जॉन मॅक्रे नांवाच्या कॅनडातील लष्करी डॉक्टरानें १९१५ सालीं, एका मित्राच्या मृत्यूनंतर, त्यांवर कविता केली. ती वाचून अमेरिकेंतील मोइना मायकेल या शिक्षिकेनें १९१८ सालीं मृतांच्या स्मरणार्थ हें फूल लावण्याचा नेम धरिला. फ्रान्समधील आना गेरँ या बाईंनीं कापडी फुलें विकून युद्धपीडितांस साहाय्य करण्याची कल्पना देशोदेशीं नेली, आणि १९२१ पासून इंग्लंडांत ११ नोव्हेंबरच्या सुमारास हीं फुलें विकलीं जाऊं लागलीं. पुढच्याच वर्षीं लंडनांत त्यांचा कारखाना निघाला. तेथें जखमी होऊन परतलेल्या शिपायांस काम मिळालें.

ही चाल इतकी कां रुजली? ब्रिटिश सरकारनें मृतांचे देह घरीं आणूं दिले नव्हते. ज्या आईला मुलाचें थडगेंहि पाहावयास मिळालें नाहीं, तिला तें फूलच थडग्याच्या ठायीं होतें.

परंतु एका फुलाचा अर्थ सर्वांस सारखा लागत नाहीं. १९३३ सालीं इंग्लंडांतील सहकारी चळवळीच्या स्त्रियांनीं, ‘युद्धाचा गौरव नको, युद्ध पुन्हा नको’ या भावनेनें, पांढरें फूल काढिलें. त्याच सुमारास सिलोनांत, पॉपीचा पैसा देशाबाहेर जातो व आपल्या शिपायांस थोडाच मिळतो, या तक्रारीवरून ‘सूर्यमल’ चळवळ उभी राहिली. तेथील तरुण त्याच दिवशीं आपल्याकडील पारसपिंपळाचें पिवळें फूल विकूं लागले. २०१० सालीं ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरन चीनला गेले असतां, हें फूल आम्हांस अफूच्या युद्धांची आठवण देतें, तें काढावें, अशी विनंति झाली; त्यांनीं तें काढिलें नाहीं. जेम्स मॅक्लीन हा फुटबॉलपटू २०१२ पासून तें लावीत नाहीं. तो उत्तर आयर्लंडमधील डेरीचा. त्याच्या गांवांत १९७२ सालीं ब्रिटिश शिपायांनीं निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडिल्या होत्या. महायुद्धांतील मृतांविषयीं आपल्या मनांत आदरच आहे, असें त्यानें लेखी कळविलें. तरी प्रेक्षकांनीं त्याची हुर्यो केली. जें फूल स्वखुषीनें लावावयाचें, तें न लावणाऱ्यास लोकांनीं गुन्हेगार ठरवावें, हें आम्हांस फार चमत्कारिक वाटतें.

आतां आपल्याकडे वळूं. पहिल्या महायुद्धांत ७४,००० हून अधिक हिंदी सैनिक मृत्यु पावले. मेसोपोटेमियांत कूट येथें वेढ्यांत सांपडून २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण गेलेल्या पुणें डिव्हिजनमध्यें मराठा पलटणीहि होत्या. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गांवचे ४६ जवान त्या युद्धांत पडले. त्यांचा स्मृतिस्तंभ गांवांत उभा आहे. ब्रिटिश अंमलांत ११ नोव्हेंबरला येथेंहि पॉपी विकली जात असे. पण जें राज्य जावें असें वाटे, त्याच्या खुणेचें फूल छातीवर कसें लावावें, हा पेंच अनेकांस पडे. स्वातंत्र्यानंतर ७ डिसेंबर १९४९ पासून आपला ध्वजदिन सुरू झाला. त्याचे तीन रंग भूदल, नौदल व वायुदल यांचे. आणि निधि मृत व जखमी सैनिकांचीं कुटुंबें व माजी सैनिक यांच्या कल्याणासाठीं. अलीकडे स्मरणाचें हिंदी फूल म्हणून झेंडूहि पुढें आला आहे, आणि २०१८ सालीं ब्रिटनमध्यें हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ खादीची पॉपी निघाली.

तथापि स्मरणाची रीत आपण कोणाकडून उसनी घेतली, असें नव्हे. सातारा-सांगली भागांत कितीएक देवळांच्या आवारांत वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटींत लढणारा वीर, मध्यें त्यास स्वर्गास नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा. पुष्कळांवर नांव नाहीं. आपण त्यांस शेंदूर फांसतों, पण तो कोण होता हें विसरलों आहों. कऱ्हाडांत १९७१ च्या युद्धाच्या स्मरणार्थ दर डिसेंबरांत विजय दिवस साजरा होतो. त्यालाहि लोटणारी गर्दी आपण पाहतों. गर्दी पांगल्यावर किती आठवण उरते, हाच खरा प्रश्न.

आमचें म्हणणें एवढेंच आहे. जिल्ह्याजिल्ह्यांस ध्वजनिधीचे इष्टांक दिले जातात. निधीस त्याची गरजहि असेल. पण आठवणीस इष्टांक लावितां येत नाहीं. विद्यार्थ्यांनो, ध्वज घेण्यापूर्वीं घरीं आजोबांस विचारा, आपल्या वाडींतून पलटणींत कोण गेलें व कोण परत आलें नाहीं. तें एक नांव ठाऊक करून घ्या. मग ध्वज लावा. आणि शेजारच्यानें लावला नाहीं, तर त्यास दोष देऊं नका, त्याचें कारण विचारा. पालकांसहि विनंति, कीं मुलाच्या हातीं नाणें देतांना दोन शब्दहि द्यावेत. सदऱ्यावरचा कागद सायंकाळीं गळून पडेल. तें नांव मनांत राहिलें, म्हणजे झालें.