अंडं गावात, तांदूळ भट्टीवर

शहापूर तालुक्यातल्या अंगणवाडीत सात महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला आठवड्यातून चारदा उकडलेलं अंडं मिळायला हवं. अंडं चालत नसेल तर केळी. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतला हा त्याचा हक्क. आता शेणव्याच्या आसपासच्या एखाद्या कातकरी वाडीतलं कुटुंब डोळ्यांसमोर आणा. दिवाळी सरली की भट्टीमालकाचा बयाणा घेतलेला असतो. टेम्पोत भांडीकुंडी चढतात, कोंबड्या चढतात, पोरं चढतात आणि काही तासांत सगळे भिवंडी तालुक्यातल्या वीटभट्टीवर उतरतात. राज्य तेच, जिल्हाही तोच. मूल तेच, त्याची भूकही तीच. अंडं मात्र बहुधा मागेच राहतं.

हे कसं होतं? उत्तर शोधायला थेट राष्ट्रपतींच्या आदेशापर्यंत जावं लागतं. २ डिसेंबर १९८५ च्या आदेशाने महाराष्ट्रातली अनुसूचित क्षेत्रं ठरली. त्यात शहापूर तालुका अख्खा आहे. मुरबाडमधली फक्त ७७ गावं आहेत आणि भिवंडीतली ७२. अमृत आहार दिला जातो तो अनुसूचित आणि त्याला जोडलेल्या आदिवासी उपयोजना क्षेत्रातल्या अंगणवाड्यांमध्ये. म्हणजे ते अंडं मुलाच्या नावाने निघत नाही, जमिनीच्या नावाने निघतं. भट्टी यादीतल्या गावात असेल तर अंडं आहे, शेजारच्या शिवारात असेल तर नाही. विटा थापणाऱ्या आईला ही रेषा दिसणार कशी? तिथे ना नाका आहे, ना पाटी.

ही रेषा कुणी वाईट हेतूने ओढलेली नाही. कुपोषण जिथे जास्त तिथे पैसा आधी पोचावा, हा विचार रास्तच होता. पण त्यात मूल एका जागी राहणार असं गृहीत धरलं गेलं. आमच्या भागात दिवाळीपासून पावसाच्या तोंडापर्यंत वाड्याच्या वाड्या ओस पडतात. लोक ‘जगायला’ जातात.

आणि याच कुटुंबाचा तांदूळ बघा! तो प्रवास करतो. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात या जोडीत एका राज्याचं रेशनकार्ड दुसऱ्या राज्यात चालवून पाहायला सुरुवात झाली. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या सगळ्या राज्यांना ३१ जुलैची मुदत दिली. यातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग असा की धान्य वाटून उचलता येतं. वाडीत राहिलेली आजी गावच्या दुकानात अंगठा लावून थोडं धान्य घेते, आणि उरलेलं तिचा मुलगा भट्टीजवळच्या दुकानात अंगठा लावून घेऊ शकतो. कार्ड एकच, अंगठे दोन, तालुके दोन. शिल्लक किती, हे ई-पॉस मशीनला ठाऊक असतं. तांदळासाठी हे जमतं तर अंड्यासाठी का जमू नये, हा प्रश्न मला सोडत नाही.

घर सोडलं की मुलाचा हक्क कुठे जातो, हा पेच जगभर आहे. ब्रिटनमध्ये मुलांसाठी दर आठवड्याच्या हिशेबाने भत्ता मिळतो. तिथलं कुटुंब तात्पुरतं परदेशी गेलं तर साधारण आठ आठवड्यांपर्यंत तो चालू राहतो. उपचार किंवा घरातला मृत्यू असेल तर बारापर्यंत. भट्टीचा हंगाम त्या हिशेबात केव्हाच बाहेर पडेल. उलट युरोपीय संघात आई एका देशात राबत असेल आणि मूल दुसऱ्या देशात आजीकडे असेल, तरी भत्ता मिळतो. ऑस्ट्रियाने २०१९ पासून तो मुलाच्या देशातल्या महागाईप्रमाणे कमी-जास्त करायला सुरुवात केली. जून २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं: परक्या देशातून आलेला कामगार कर आणि वर्गणी इतरांइतकीच भरतो, मग त्याच्या मुलाला कमी का? भट्टीवर घाम गाळणाऱ्यांबद्दलही हाच प्रश्न विचारला पाहिजे.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र नाही, आणि हे वाडीवाडीत माहीत असायला हवं. अंगणवाडीचा नेहमीचा आहार, म्हणजे तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायची पाकिटं आणि तीन ते सहा वर्षांच्यांना गरम जेवण, हा २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. त्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही. भट्टीजवळच्या अंगणवाडीत तो मागता येतो. ‘ही पोरं आमच्या गावची नाहीत’ हे उत्तर तिथे टिकत नाही. अडचण असते ती नोंदीची. राज्याच्या महिला व बालविकास विभागाने २०२१ च्या अखेरीस स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी प्रणाली सहा जिल्ह्यांत आजमावायला घेतली. त्यात शेजारचा पालघरही होता. निघताना वाडीतल्या अंगणवाडीच्या ताईने नोंद केली की पोचल्यावर तिथल्या ताईला मूल सापडावं, अशी ती कल्पना. सेविकेच्या मोबाइलवरच्या एका नोंदीवर मुलाचे सहा महिने अवलंबून असतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी ताईला सांगून जाणं फार मोलाचं.

शाळेचंही तसंच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमानुसार मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखला हातात नाही म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. याला आता पैशाचाही धागा जोडला गेलाय. १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर पिवळ्या किंवा केशरी रेशनकार्डाच्या घरात जन्मलेल्या मुलीला ‘लेक लाडकी’ योजनेतून जन्मानंतर ५,००० रुपये, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,००० रुपये मिळायचे आहेत. कुटुंब महाराष्ट्राचं रहिवासी आणि बँक खातं राज्यातलं हवं. भिवंडीच्या भट्टीवर गेल्याने ही रक्कम बुडत नाही. पण मधले हप्ते इयत्तेला बांधलेले आहेत. भट्टीवर शाळा सुटली आणि पोरगी सहावीपर्यंत पोचलीच नाही, तर तो हप्ता कुणी नाकारण्याची गरजच उरत नाही.