एअरसम पार्क : मैदान गेलं, खुणा राहिल्या

कुठे : मिडल्सब्रो, ईशान्य इंग्लंड. मिडल्सब्रो फुटबॉल क्लबचं 1903 ते 1995 या काळातलं घरचं मैदान.

रचना : ब्रिटनमधली अनेक नामांकित स्टेडियम उभारणारे आर्चिबाल्ड लीच.

घरचा हिरो : पुढे प्रशिक्षक म्हणून गाजलेला ब्रायन क्लफ. या क्लबसाठी 213 लीग सामन्यांत 197 गोल.

ऐतिहासिक दिवस : 19 जुलै 1966. विश्वचषकात नवख्या उत्तर कोरियाने बलाढ्य इटलीला 1-0 असं हरवलं. पाक डू-इकच्या एकमेव गोलने इटलीला घरचा रस्ता दाखवला. कोरियन पाहुण्यांना मिडल्सब्रोकरांनी आपलंसं केलं होतं; 2002मध्ये त्या संघातले हयात खेळाडू पुन्हा आले, तेव्हाही गावाने त्यांना डोक्यावर घेतलं.

निरोप : 30 एप्रिल 1995 रोजी ल्यूटनविरुद्ध 2-1 विजयाने लीग सामन्यांची सांगता. त्यानंतर क्लब रिव्हरसाइड स्टेडियममध्ये गेला.

आज : जागेवर घरांची वसाहत, रस्त्यांची नावं ‘द टर्नस्टाइल’, ‘द मिडफील्ड’. पाकने जिथून गोल मारला, तिथे एका घरापुढच्या हिरवळीत बुटाच्या स्टडचे कांस्य ठसे बसवले आहेत. कलाकार नेव्हिल गेबी. जुनी लोखंडी फाटकं रिव्हरसाइडबाहेर दिमाखात उभी आहेत. गावाने आपला वारसा जपावा, तो असा.