अस्तराचे माप

हिरण्यकेशीच्या काठच्या या मुलखात पुष्कळ पिकांचा आरंभ शेतात होत नाही. तो रोपवाटिकेत होतो. संकेश्वरी मिरची असो वा निपाणीकडची तंबाखू असो, तिचे बालपण लहानशा वाफ्यात जाते आणि मगच तिला शेताची वाट दिसते. आता उसाचीही रोपे करून लावण्याची रीत रूढ झाली आहे. जमिनीवरच्या वाफ्याची जागा पुष्कळ ठिकाणी शेडनेट किंवा हरितगृहातील मांडणीने घेतली आहे, आणि त्या मांडणीवर ट्रे व कुंड्या ओळीने बसलेल्या दिसतात. त्यांच्या खाली अंथरलेल्या अस्तराकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. ते फाटले तर लाकूड कुजते. पाणी एका कोपऱ्यात साचले तर तिथल्या रोपांची मुळे सडतात. बी पुन्हा पेरता येते. परंतु गेलेले दिवस परत येत नाहीत आणि पाऊस कोणासाठी थांबत नाही. म्हणून हे अस्तर कसे मोजावे व कसे पारखून घ्यावे, याचा विचार येथे करू. कलाशाखेच्या शिक्षकाने गणितात लुडबूड केली म्हणून गणिताच्या गुरुजींनी रागावू नये!

विद्यार्थिमित्रांनो, पुस्तकाला कव्हर घालताना तुम्ही कागद पुस्तकाएवढाच घेता काय? आत दुमडण्यासाठी चारी बाजूंनी तो अधिक घ्यावा लागतो. अस्तराचेही तसेच आहे. समजा, मांडणीची एक फळी ३ मीटर लांब व १ मीटर रुंद आहे, आणि तिला चारी बाजूंनी १० सेंटिमीटर उंचीची कड आहे. अस्तर आधी या कडेवर चढले पाहिजे आणि नंतर बाहेरच्या अंगाला निदान १० सेंटिमीटर उतरले पाहिजे. म्हणजे प्रत्येक बाजूला २० सेंटिमीटर, आणि समोरासमोरच्या दोन बाजू मिळून ४० सेंटिमीटर वाढले. तेव्हा तुकडा हवा तो ३.४० मीटर लांब व १.४० मीटर रुंद. नुसत्या फळीचे क्षेत्रफळ ३ चौरस मीटर. अस्तराचे मात्र ४.७६ चौरस मीटर! घाईने फळी तेवढी मोजून बाजारात जाणाऱ्याला ही दीडपटीहून अधिक तफावत दुकानातून परतल्यावरच कळते.

यानंतर गुंडाळीच्या रुंदीचा प्रश्न येतो. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, तरी प्लॅस्टिकच्या कागदाची रुंदी आजही पुष्कळदा फुटांतच सांगितली जाते. १ फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर. त्या हिशेबाने चार फुटी कागद १.२२ मीटर भरतो, आपल्या १.४० मीटरला तो अपुरा. पाच फुटी कागद १.५२ मीटर होतो, तो पुरतो. अशा चार फळ्या असतील तर त्याची लांबी ३.४० × ४ = १३.६० मीटर लागेल. रुंदी कमी असलेला कागद स्वस्त मिळाला म्हणून त्याला जोड देऊ नये, कारण पाणी जोडातूनच वाट काढते. कित्येक गुंडाळ्या दुहेरी घडीच्या असतात. म्हणून कागद उलगडून मग मोजावा. अंथरताना तो ताणू नये, सैल सोडून कोपऱ्यांत नीट बसवावा, आणि कोपरा न कापता पाकिटासारखा दुमडावा.

लांबी-रुंदी टेपने मोजता येते, पण जाडी डोळ्यांना फसवते. ती गेज किंवा मायक्रॉन या मापांत सांगतात. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि १०० गेज म्हणजे सुमारे २५ मायक्रॉन. एवढी सूक्ष्म जाडी घरच्या घरी कशी पडताळावी? तराजूने! साध्या पॉलिथीनच्या एका घन सेंटिमीटरचे वजन सुमारे ०.९२ ग्रॅम असते. म्हणून २०० मायक्रॉन जाडीच्या एक चौरस मीटर कागदाचे वजन १८४ ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे. आपला १३.६० मीटर लांब व १.५२ मीटर रुंद कागद सुमारे २०.७ चौरस मीटर झाला. त्याचे वजन ३.८ किलोग्रॅम यावे. ते जर २.८५ किलोग्रॅमच आले, तर हाती पडलेला कागद २०० नव्हे, १५० मायक्रॉनचा आहे असे समजावे. अर्थात, खडूची भुकटी मिसळलेला निकृष्ट कागद वजनाला भारी आणि ताकदीला हलका असू शकतो. तेव्हा एक पट्टी ओढून तो लवचीक आहे की चटकन फाटतो, हेही पाहावे. विणलेल्या ताडपत्रीला हा हिशेब लागू नाही. तिचे वजन प्रतिचौरस मीटर ग्रॅममध्ये, म्हणजे ‘जीएसएम’मध्ये, सांगितलेले असते.

इंग्लंडमधील इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत १९३३ साली योगायोगाने हाती लागलेला हा पांढरा, मेणासारखा पदार्थ पाण्याला दाद देत नाही. परंतु उन्हापुढे तो नमतो. साधा कागद उन्हात ठिसूळ होतो. म्हणून अतिनील किरणांना टिकणारा, म्हणजेच ‘यूव्ही’ प्रक्रिया केलेला कागद मागावा. अस्तरासाठी काळा रंग चांगला. त्यातील काजळी उन्हापासून कागदाचे रक्षण करते, आणि खाली उजेड न पोचल्याने शेवाळही धरत नाही.

ट्रेच्या मांडणीला किंचित उतार ठेवून खालच्या टोकाला पाणी जाण्यास वाट द्यावी. कुंड्यांसाठी मात्र दुसरी युक्ती आहे. सपाट अस्तरावर पाणी शोषणारे जाड कापड पसरून ते ओले ठेवतात. समईची वात जसे तेल वर ओढते, तसे कुंडीतील माती तळाच्या छिद्रातून पाणी वर ओढते. हे कापड कापण्यापूर्वी भिजवून वाळवावे, म्हणजे ते आधीच आटून घेते. त्याचे माप फळीएवढेच, ३ × १ मीटर, असावे. कडेवरून ते खाली लोंबत राहिले तर तीच वात उलटी चालते आणि सारे पाणी थेंबाथेंबाने जमिनीवर निथळून जाते.

आणखी एक गोष्ट विसरू नये. आपल्या फळीत कडेपर्यंत पाणी भरले तर ते ३०० लिटर, म्हणजेच ३०० किलोग्रॅम होईल! हा भार लाकडाने वा लोखंडाने पेलायचा असतो, अस्तराने नव्हे. खालचा आधार झोल खात असेल तर कितीही जाड कागद तिथे तग धरणार नाही.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असे आपण म्हणतो. येथे आधी फळी पाहून अंथरूण आणावयाचे आहे. खरेदीला निघताना चिठ्ठीवर लांबी, रुंदी, जाडी व अपेक्षित वजन हे चार आकडे लिहून घ्यावेत, दुकानात वजन डोळ्यांदेखत करवून घ्यावे आणि पावतीवर जाडी लिहवून घ्यावी. यात दुकानदारावर अविश्वास नाही. प्रामाणिक दुकानदाराला असे गिऱ्हाईक आवडतेच. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी यंदाही रोपे होतील. क्षेत्रफळ, घनता व वजन ही वर्गात शिकलेली गणिते वडिलांबरोबर बाजारात जाऊन एकदा करून पाहा. घरचे चार पैसे आणि मिरचीचा एक हंगाम त्यांनी वाचला, तर त्या गुणांची नोंद प्रगतिपुस्तकात नसली तरी घरात नक्कीच राहील.